लीलाधरकाका आणि मध्येच गप्प होणारी गाडी

माझं तोंड वाईट आहे हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. भाईंदर पूर्वेला आमच्या सोसायटीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरवाल्याला मी एकदा असं काही बोलले होते की तो तीन दिवस आमच्या गल्लीत फिरकला नाही, आणि सगळी सोसायटी त्याला सोडून मलाच शिव्या देत होती. लग्न होऊन उत्तनला यायला निघाले तेव्हा आईने बजावलं होतं, "रसिका, कोळीवाड्यातल्या बायका तुला पुरून उरतील, जरा जपून बोल." जपून काही बोलले नाही. पण आजवर माझ्या बोलण्याने कुणाचं फारसं नुकसानही झालं नव्हतं. माणसं चिडायची, दोन दिवस अबोला धरायची, मग पुन्हा बोलायला लागायची. लीलाधरकाकांच्या बाबतीत तसं झालं नाही. जे झालं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

लीलाधरकाका आमच्या ट्रकचे ड्रायव्हर. वय अठ्ठावन्न, राहायला तारोडीला, घरात ते आणि त्यांची बायको शेवंती. अंगात कायम पांढरा फुलशर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. मासळीच्या गाडीवर पांढरा शर्ट घालणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर फार टापटिपीचा. काका दुसऱ्या प्रकारातले. रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मारायची, प्रत्येक टायरवर तळहात ठेवायचा, मगच वर चढायचं. इंजिन चालू असताना गाणी लावलेली त्यांना खपत नसत. "गाडी बोलते ती ऐकू येत न्हाय," म्हणायचे. स्वतः मात्र दिवसाला वीस वाक्यं बोलले तर खूप.

गाडी ही नवी कधीच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी आम्ही घेतली तेव्हाच ती एकाची वापरलेली होती. सहा चाकी, मागे बर्फ धरून ठेवणारी बंद बॉडी. उत्तनच्या किनाऱ्यावरून पापलेट, बोंबील, कोळंबी भरायची, काशिमिऱ्यावरून घोडबंदर रोडने ठाणं गाठायचं आणि पुढे तळोज्याच्या कंपनीत माल उतरवायचा. आमच्या पाड्यातली, इंजिनाला कंप्यूटर असलेली ती पहिली गाडी. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, सगळं तो कंप्यूटर ठरवतो. काकांना सुरुवातीला त्याचा जरा धाक वाटायचा. आयुष्य होडीच्या इंजिनावर गेलेलं, तिथे बिघाड झाला की पाना घेऊन भिडायचं. इथे कशाला भिडणार?

होडी का सुटली ते सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत काका आमच्या होडीवर इंजिन सांभाळायचे आणि प्यायचे. गावात चारचौघं घेतात तसं नव्हे, दात घासायच्या आधी घ्यायचे. एकदा भर समुद्रात नशेत त्यांच्या हातून जाळं ओढायच्या चालत्या चाकावरचा दोर सुटला आणि माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा लोक काकांना मारायला धावले. सासूबाई, म्हणजे कमळाबाई, मध्ये उभ्या राहिल्या. ज्या बाईच्या नवऱ्याची बोटं गेली तीच आडवी आल्यावर मारणार कोण? त्या काकांना म्हणाल्या, "दर्याचं पानी सोड आनि दारू सोड. दोनी सोडलंस तर माझ्या दारात ये." तीन आठवड्यांनी ते आले. दाढी केलेली, हात थरथरत होते, अंगावर पांढरा शर्ट. सासूबाईंनी त्यांना नव्याने घेतलेल्या जुन्या ट्रकची चावी दिली आणि एक नारळ दिला.

त्या नारळाचा नेम असा. दर मंगळवारी गाडी निघायच्या आधी केबिनच्या पायरीवर नारळ फोडायचा आणि आतल्या एकवीरा आईच्या तसबिरीवर पाणी सोडायचं. पण मागचा आठवडा कोरडा गेला असेल तरच. एक घोट जरी घेतला असेल तरी नारळाला हात लावायचा नाही. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आम्ही नारळ फोडतो, तोच मान सासूबाईंनी गाडीला दिला आणि त्यात लीलाधरकाकांना बांधून घेतलं. मंगळवारी सकाळी नारळ फुटल्याचा आवाज आला की बोंबील वाळत घालणाऱ्या बायका एकमेकींकडे बघून मान हलवायच्या. म्हणजे अजून सुका आहे. अकरा वर्षं एकही मंगळवार चुकला नाही. काकांकडे घर सोडून दुसरी मालमत्ता नाही. गावात त्यांची जी पत होती ती एवढीच, आणि ती त्यांनी आठवडा आठवडा करून कमावली होती.

गेल्या नारळी पौर्णिमेला, नवा हंगाम सुरू होताना, मी केबिन नवी करून घेतली. होडीवर माझा नवरा प्रणित असतो, तो आठ-आठ दिवस समुद्रात. त्यामुळे ट्रकचा कारभार माझ्याकडे, आणि कारभार हातात आला की मला स्वस्थ बसवत नाही. मीरा रोडच्या एका सीटवाल्याकडून नवी सीटकव्हरं, खाली फोम घालून रेक्झिनची मॅट, आणि देवीसाठी छोटा लाकडी देव्हारा, आत लाल दिवा. तसबीर आधी मध्यभागी पत्र्याच्या फळीवर होती. तिथून हलवून डाव्या बाजूला नीट बसवून घेतली. गाडी दारात आली तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्यावरून हात फिरवला आणि मला आयुष्यात दुसऱ्यांदा शाबासकी दिली.

दिवाळी झाली आणि गाडी बंद पडायला लागली.

बंद पडायची तीही विचित्र. गायमुखच्या चढावर मागे रांग लागलेली असताना इंजिन एकदम गप्प. आचका नाही, धूर नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकायचा, सेल्फ मारला की इंजिन फिरायचं पण पेटायचं नाही. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात चालू व्हायचं. काशिमिऱ्याच्या मेकॅनिकने आधी डिझेल फिल्टर बदलला. मग म्हणाला, हवा धरते. मग पंप उघडला. मग कसलासा सेन्सर बदलला. स्कॅनर लावला की तो कधी दहा दोष दाखवायचा, कधी एकही नाही, आणि कधी गाडी त्याच्याशी बोलायलाच तयार नसायची. प्रत्येक दुरुस्तीनंतर चार दिवस बरे जायचे. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

काकांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "इंजिन बरं हाय, सूनबाय. शेवटपरेंत आवाज बरोबर असतो. मंग कोनतरी तोंडावर हात ठेवल्यावानी गप्प व्हतंय."

मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

मग फेब्रुवारीत एकदा मी कंपनीची पावती घ्यायला केबिनमध्ये चढले आणि दारातच थबकले. आत वास येत होता. आंबूस, उग्र, ताडीच्या मडक्यात डोकं घातल्यासारखा. तो वास कुणाला सांगायची गरज नसते. मी पावती घेतली आणि काही न बोलता उतरले. पुढच्या आठवड्यात मुद्दाम दोनदा चढून पाहिलं. वास होताच, आणि बुधवारी जास्त होता. मग घरी येऊन कंपनीच्या पावत्या काढल्या आणि माल कधी उशिरा पोचला ते पाहत बसले. मंगळवार, बुधवार. बुधवार. मंगळवार. जवळजवळ सगळे उशीर त्या दोन दिवसांतले. मंगळवारी हा माणूस देवीसमोर नारळ फोडतो, सासूबाईंच्या पाया पडतो, आणि त्याच दिवशी गाडीत बसून पितो! दारूपेक्षा मला त्या नारळाचीच जास्त चीड आली.

शिमग्याच्या आधीच्या बुधवारी गाडी पुन्हा घाटात अडकली, आणि या वेळी दोन तास हललीच नाही. ऊन डोक्यावर, बर्फाचं पाणी झालेलं. कंपनीने पापलेट उघडून बघितलं आणि सगळा माल परत पाठवला. चार घरांचा माल होता. दुपारी गाडी उत्तनला आली तेव्हा त्या चार घरांच्या बायका आणि आणखी दहा-पंधरा जणी बोंबील वाळवायच्या वलांडीपाशी बांबूंच्या सावलीत थांबल्या होत्या. काका उतरले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ते काही बोलणार तेवढ्यात मी केबिनचं दार सताड उघडलं.

"या, सगळ्या जणी या," मी ओरडले. "वास घ्या आत. कसला वास आहे सांगा."

दोघीतिघी पुढे आल्या. एकीने पदर नाकाला लावला. मग सगळ्या काकांकडे बघायला लागल्या.

"सूनबाय, मी न्हाय प्यालो," काका म्हणाले. "वास मलाबी येतो. कुठून येतो ते दोन महिनं शोधतोय."

"शोधतोयस?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एकेरी हाक मारली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "अकरा वर्षं सगळ्या गावाला फसवलंस, देवीला फसवलंस, ज्यांची बोटं खाल्लीस त्यांच्या बायकोला फसवलंस. आण ती चावी."

त्यांनी लगेच दिली नाही, म्हणून मी त्यांच्या हातातून ती ओढून घेतली. काकांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग त्यांनी नेहमीसारखं प्रत्येक टायरवर हात ठेवत गाडीला एक फेरी मारली आणि तारोडीच्या रस्त्याने चालत गेले. एक बाई म्हणाली, "बरं झालं, तोंडावर सांगितलंस ते." मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, वाटला.

घरी सासूबाईंना सांगितलं. "त्याच्या तोंडाला वास व्हता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गाडीत होता तेवढा पुरे आहे. त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मीरा रोडचा राज नावाचा ड्रायव्हर आणला. तिशीतला, मोबाईलवर गाणी लावून चालवणारा. आणि गाडी लोण्यासारखी चालली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. एकदाही बंद पडली नाही. वेळेआधी तळोजा. गावात जो तो म्हणायला लागला, बघा, ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली, आता आणखी काय पुरावा पाहिजे? मासळी बाजारात शेवंती आली तर बायका बोलायच्या थांबायच्या. काका घराबाहेर पडत नाहीत असं कळलं. मला त्याचंही काही वाटलं नाही. लाज वाटत असेल, म्हटलं.

मंगळवार आला. नारळ कोण फोडणार? राज म्हणाला, "मॅडम, मेरेको ये सब नहीं आता." सासूबाईंना गाडी नारळाशिवाय सोडवेना. म्हणून मीच पायरीवर चढले, नारळ आपटला आणि देव्हाऱ्यात देवीच्या पायावर पाणी सोडलं. काका थोडं सोडून उरलेलं प्रसाद म्हणून वाटायचे. मी अख्ख्या नारळाचं पाणी ओतलं. त्या मंगळवारी माझी भक्ती जरा ओसंडून चालली होती.

बुधवारी कंपनीत सही द्यायची होती म्हणून मी गाडीत राजशेजारी बसून निघाले. गायमुखचा चढ अर्धा चढलो आणि इंजिन गप्प झालं.

मी राजकडे बघितलं. त्याने सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पिवळा दिवा लुकलुकत होता. मागून हॉर्न सुरू झाले. आणि केबिनभर तोच वास, त्या दिवसापेक्षाही उग्र.

मी पुढे वाकून राजच्या तोंडाजवळ नाक नेलं. तो दचकून दाराला चिकटला. "क्या कर रहे हो, मॅडम?"

त्याच्या तोंडाला चहाचा वास होता आणि बडीशेपेचा. बाकी काही नाही.

"ये बास कबसे है?" मी विचारलं.

"पहले दिन से है. मेरेको लगा मच्छी का होगा."

खाली उतरून चाकामागे दगड लावायचा होता, तर मला दाराची कडीच सापडेना. राजच्या तोंडाशी मी नाक नेलं. वीसेक बायकांसमोर ज्याला बुडवलं त्या माणसाच्या जवळ जाऊन वास घ्यावा असं मला एकदाही वाटलं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं होतं तरीसुद्धा. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत शंभरदा लिहिली असेल. त्या चढावर मागच्या हॉर्नच्या गोंगाटात बसून पहिल्यांदा कळली.

माल दुसऱ्या टेम्पोत भरून पुढे पाठवला आणि गाडी ओढून भाईंदर पश्चिमेला आणली. तिथे दिपेश नावाचा एक गुजराती कारागीर आहे. तो इंजिनाला हात लावत नाही, फक्त गाड्यांचे कंप्यूटर उघडतो. काशिमिऱ्याचा मेकॅनिक त्याचं नाव पहिल्या महिन्यापासून घेत होता. मीच म्हणत होते, आधी स्वस्तातले उपाय संपव. गुरुवारी सकाळी दिपेश केबिनमध्ये चढला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "बेन, इथे मुंग्या कशाला?"

मी वाकून पाहिलं. देव्हाऱ्याच्या मागून मुंग्यांची एक बारीक रांग खाली उतरत होती आणि डॅशबोर्डखालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणात शिरत होती. दिपेशने झाकण काढलं. आत पोळ्यांच्या डब्याएवढी अॅल्युमिनियमची पेटी होती, बाजूला वायरींचा जाडजूड जुडगा. हाच तो कंप्यूटर. वरून खालपर्यंत त्याच्यावर पिवळट ओघळ सुकलेले होते. दिपेशने बोट लावलं, ते चिकटलं. बोट नाकाशी नेऊन तो माझ्याकडे बघतच राहिला.

"नारियेळ?"

मी वर देव्हाऱ्याकडे बघितलं.

पेटी सोडवून, टेबलावर घेऊन उघडेपर्यंत त्याला दुपार उलटली. आतली सगळी सर्किटची पाटी एका कोपऱ्यापासून हिरवी पडली होती. पिनांवर हिरवी बुरशी, मध्ये मेलेल्या मुंग्या. "जुना मॉडेल आहे ना, त्याचा रबर कडक होऊन फाटला आहे," तो म्हणाला. "नवा रबर असता तर पाणी आत गेला नसता. हे बघा, पाणी पडला की एक दिवस, दीड दिवस हा पागल होणार. सुकला की परत ठीक. स्कॅनर पण काय बोलणार, बिचारा?" मग त्याने पुन्हा केबिनमध्ये चढून मॅटचा कोपरा उचलला. खालचा फोम ओला गच्च होता आणि त्यातून असा भपकारा आला की राज मागे सरकला. सात महिन्यांचं नारळाचं पाणी त्यात आंबत पडलं होतं.

"दारू तर तुमची गाडीच पित होती, बेन," दिपेश हसत म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो हसू शकला.

जुन्या फळीखाली केबिनच्या तळाला एक गंजून पडलेलं भोक होतं. दहा वर्षं देवीच्या पायावरचं पाणी त्या भोकातून सरळ रस्त्यावर जायचं. केबिन नवी करताना मी ते बुजवून घेतलं. काका तेव्हा म्हणाले होते, "सूनबाय, भोक राहू द्या, पानी जायाला बरं." मी म्हटलं होतं, "काका, ही गाडी आहे का चाळणी?" ते पुढे काही बोलले नाहीत. आणि देवीला हलवून मी नेमकी कंप्यूटरच्या डोक्यावर आणून बसवली होती. देव्हाऱ्याचे स्क्रूसुद्धा त्याच झाकणाच्या वर मारलेले होते. काखेत कळसा आणि मी पंप बदलत, सेन्सर बदलत, शेवटी माणूस बदलत सगळं गाव पालथं घातलं. न प्यायल्याची खूण म्हणून काकांनी जो नारळ फोडला, त्याच नारळाच्या वासावरून मी त्यांना पिणारा ठरवलं.

दिपेश म्हणाला, पाटी धुऊन, जळालेले भाग बदलून बघतो, वाचेल बहुतेक. मी सासूबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"माझाच नेम ह्यो," त्या म्हणाल्या. "देवीचं पानी..." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "तू पयली त्याच्याकडं जा. गाडीचं मागून बघू. आत्ता जा."

मी तिथूनच रिक्षा पकडून तारोडीला गेले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. त्याच बायकांसमोर, त्याच वलांडीपाशी हात जोडून माफी मागेन. नारळ पुन्हा त्यांच्याच हातात देईन. उद्याची फेरी त्यांनीच न्यायची. मला खरंच वाटत होतं की अजून सगळं सावरता येईल, आठच तर दिवस झालेत.

शेवंतीकाकी दारातच बसली होती, मच्छीची रिकामी पाटी उपडी घालून. मला बघून उठली नाही.

"आता काय न्यायचं ऱ्हायलंय?" तिने विचारलं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. कंप्यूटर, मुंग्या, फोम, भोक, सगळं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा हलला नाही. मला वाटलं तिला कळत नाहीये, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले. तिने मला थांबवलं.

"आठ दिस बसून व्हता," ती म्हणाली. "जेवला न्हाय नीट. काल कुनीतरी येऊन सांगून गेला, गाडी एकदम बेस चालते आता. तवापासून बोलनं बंद. आज दुपारी उठला, शर्ट घातला, म्हनला येतो जाऊन." तिने घराच्या मागच्या बाजूला मान वळवली. "तासाभरापूर्वी आलाय. मागं हाय."

मी मागच्या बाजूला गेले. काका पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले होते. पांढरा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. मी दोन हात दूर होते तेव्हाच वास आला. आणि तो नारळाचा नव्हता.

मला ओरडावंसं वाटलं. कुणावर ते कळेना. काल, निदान आज सकाळी आले असते तर! दिपेशकडे पेटी उघडायची वाट बघत बसले नसते, घाटातून उतरून सरळ इथे आले असते तर! राजच्या तोंडाचा वास घेतला तेव्हाच मला सगळं कळलं होतं, तरी मी आधी गाडी बघितली.

"काका," मी म्हटलं, आणि वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. नुसतं भडाभडा बोलत गेले. देव्हारा मी हलवला, भोक मी बुजवलं, वास नारळाच्या पाण्याचा होता, कंप्यूटरमध्ये पाणी गेलं होतं, तुमचं इंजिन बरोबर होतं, तुम्ही बरोबर होतात.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "कंप्यूटरात पानी?"

"हो."

"नारळाचं?"

"हो, काका."

त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा. "सांगत व्हतो ना. इंजिन बरं हाय."

मी पर्समधून चावी काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, घ्या, गाडी तुमची आहे, परवापर्यंत तयार होईल, तुम्हीच न्यायची, मी सगळ्या गावासमोर सांगेन.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, विस्तवाला हात लागेल अशा घाईने.

"आज नको, सूनबाय," ते म्हणाले. शब्द जड येत होते, पण त्यांनी एकेक नीट उच्चारला. "आज मी प्यालोय. पिऊन मी चावीला हात लावत न्हाय."

आठ दिवसांपूर्वी हीच गोष्ट सांगून मी त्यांच्या हातातून चावी ओढली होती. तेव्हा ती खोटी होती. आता ती खरी झाली होती, मी केली होती, आणि ती मला सांगायचा प्रामाणिकपणा फक्त त्यांच्याकडेच होता.